इकोत पाणी दिसल्यावर पुढे काय केले?

आपल्या धाकट्या भावाला ताप आणि धाप यांसाठी खासगी रुग्णालयात दाखल केले होते. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाभोवती पाणी दिसले. विषाणूमुळे झाले असावे, असे सांगून त्यांना गोळ्या देऊन घरी पाठवले. पाच महिन्यांनी दुसऱ्या रुग्णालयात सीटी आणि एमआरआयमध्ये हृदयावरण जाड होऊन हृदय आवळले गेल्याचे दिसले आणि तपासण्यांत क्षयरोग निघाला. पहिल्या डॉक्टरांनी एमआरआय केला नाही हा हलगर्जीपणा ठरेल का, असे आपण विचारता.

केवळ तेवढ्यावर ठरणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितले की, अधिक चांगला पर्याय उपलब्ध होता एवढ्यावरून डॉक्टर दोषी होत नाही; त्या काळी मान्य असलेल्या वैद्यकीय पद्धतीनुसार तो वागला का, हे पाहायचे असते. हृदयावरणाच्या आजारात इको ही पहिली तपासणी मानली जाते आणि ती झालेली आहे.

मात्र इकोत पाणी किती आहे आणि हृदयावर दाब येतो आहे का, हे कळते; ते पाणी कशामुळे झाले, हे इको निश्चित सांगू शकत नाही. म्हणून माझ्या मते आपल्या तक्रारीचा कणा एमआरआय नसून त्यानंतरचे वर्तन हा असावा: ताप लांबलेला असताना, क्षयरोग इतका आढळणाऱ्या आपल्या देशात, त्याची शंका नोंदवली का, शक्य असल्यास पाणी काढून एडीए व सीबीनॅट या क्षयरोग शोधण्याच्या तपासण्यांना पाठवण्याचा विचार झाला का, आणि पुन्हा इकोसाठी कधी बोलावले? समोरचे वकील असेही म्हणतील की योग्य उपचार होऊनही काही रुग्णांचे हृदयावरण आवळते. हा युक्तिवाद खरोखर भक्कम आहे, त्यामुळे विलंबानेच हानी झाली किंवा वाढली असे हृदयरोगतज्ज्ञाचे लेखी मत आपल्याला लागेल.

आधी लेखी अर्ज देऊन कागदपत्रे मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ती ७२ तासांत मिळायला हवीत. इकोचा केवळ अहवाल घेऊ नका, मूळ चित्रफीतही घ्या, कारण तज्ज्ञाला तीच पाहावी लागेल.

शुल्क भरून घेतलेली ही सेवा असल्याने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो आणि आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. ती निदान कळल्यापासून मोजावी असे म्हणता येईल, परंतु वाद नको म्हणून पहिल्या रुग्णालयातून घरी सोडल्याच्या तारखेपासूनच मोजा.