रेडिएटरची कॅप नवीन टाकली तरी कूलंट तिथूनच गळतंय, काय करू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दोन कॅप बदलल्या तरी कसारा घाट चढून इगतपुरीला थांबलं की झाकणाखालून कूलंट ठिबकतं आणि गॅरेजवाला म्हणतो रेडिएटरच बदला. थांबा जरा. माझ्या जुन्या वॅगनआरला सेम हेच झालं होतं, नाशिकमधल्या द्वारकाजवळच्या एका मिस्तरीने मला पण रेडिएटरच सांगितला होता.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, कॅपला रबर दोन ठिकाणी असतं. खालचं रबर स्प्रिंगने दाबलेलं असतं, ते प्रेशर धरतं, आणि प्रेशर जास्त झालं की उचललं जाऊन कूलंट बाजूच्या बारीक पाईपमधून रिझर्व्ह टाकीत सोडतं. म्हणजे नुसती स्प्रिंग ढिली झाली असेल तर पाणी टाकीत जायला पाहिजे, बाहेर नाही. बाहेर ठिबकतंय म्हणजे खालून सुटलेल्या पाण्याला टाकीत जायला वाट मिळत नाहीये, नाहीतर वरचं रबर बसत नाहीये, नाहीतर प्लास्टिकच्या नेकलाच (रेडिएटरचं तोंड, जिथे कॅप बसते) बारीक तडा आहे.

माझ्या केसमध्ये काय निघालं सांगतो. गाडी रात्रभर थंड करून (गरम असताना झाकणाला हात लावू नका, तोंडावर वाफ येते) सकाळी कॅप काढली, मोबाईलचा टॉर्च नेकमध्ये मारला तर आतल्या कडेवर, जिथे खालचं रबर टेकतं तिथे, पांढरा खडबडीत थर. क्षार होते ते. मीच वर्षभर कूलंट संपलं की बोरचं पाणी ओतत होतो, दुसरं काय होणार. त्यावर नवीन रबर टेकलं तरी गच्च बसणार कसं? नखाने निघेना, जुना टूथब्रश आणि व्हिनेगर लावून घासलं, मधे फडकं कोंबलं म्हणजे कचरा आत पडत नाही. मग तो बारीक पाईप काढून तोंडाने फुंकला तर हवाच जाईना! बॅटरी बदलताना कोणीतरी तो बॅटरीखाली दाबून ठेवला होता, चपटा झालेला. पाईप सरळ केला आणि गळती बंद. खर्च शून्य, कॅपचे पैसे मात्र आधीच गेलेले.

तडा आहे का बघायचं तर नेक कोरडी पुसून वर टाल्कम पावडर भुरभुरा, पाथर्डी फाट्यापर्यंत एक चक्कर मारा आणि इंजिन बंद करून बघा ओघळ कुठून निघालाय. नेकवरून निघाला तर मात्र तुमचा मिस्तरी बरोबर.

कॅपवरचा आकडा (ती किती प्रेशर धरते तो) पण बघून घ्या. माझ्यावर 0.9 होता. दुकानदार 1.1 ची देतो, म्हणतो हीच चालते, घेऊ नका, जुन्या होस पाईपवर उगाच जोर येतो. आणि प्रेशर नाही धरलं तर काय होतं तर नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर आहे, इथे साधं पाणी 98 अंशालाच उकळतं, 0.9 ची कॅप नीट धरली तर तेच 115 च्या वर जातं. म्हणून गावात गाडी ठीक वाटते आणि घाटात उकळते.

सकाळी थंड गाडीत वरचा होस पाईप चपटा, आत ओढल्यासारखा दिसला तर टाकीतलं कूलंट परत येत नाहीये, म्हणजे कॅपच्या मधला छोटा व्हॉल्व्ह अडकलाय किंवा परत तोच पाईप.

हे सगळं करूनही टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर मग कॅपचा नाद सोडा, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) बघायला लागेल, आणि तोपर्यंत मुंबईला एसटीने जा.