वाचकांचे प्रश्न : लग्नाची फिल्म आणि अडकलेली बाकी

प्रश्न : मी आणि माझा मावसभाऊ सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका खोलीतून लग्नाच्या फिल्म करण्याचा व्यवसाय चार वर्षांपासून चालवतो. गेल्या वैशाखात एक काम 80,000 रुपयांना ठरले. विसार म्हणून 20,000 आणि लग्नाच्या दिवशी 30,000 मिळाले; उरलेले 30,000 ‘फिल्म हातात आल्यावर’ देण्याचे तोंडी ठरले होते. नवरदेव पुण्यात असतो. त्याने हायलाइट (निवडक क्षणांची छोटी फिल्म) पाहून पसंती कळवली. त्याच्या वडिलांचे मात्र म्हणणे आहे की मोठ्या फिल्ममध्ये आहेर पूर्ण नाहीत आणि आत्याबाई कुठेच दिसत नाहीत. तीन वेळा बदल करून दिले, तरी बाकी मिळालेली नाही. मूळ चित्रीकरण अडवून धरावे काय? शिवाय हायलाइट आम्ही आमच्या यूट्यूब चॅनेलवर टाकली, तेव्हा मुलीकडच्यांनी हरकत घेतली. आमचेच काम आम्ही दाखवू शकत नाही का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, कोणी मोबदला देऊन छायाचित्र किंवा चित्रफीत करवून घेतली असेल आणि उभयतांत वेगळा करार झालेला नसेल, तर तिचा पहिला मालक ती करवून घेणारा असतो. कॅमेरा कोणाचा होता आणि रात्र रात्र जागून मिक्सिंग कोणी केले, याने त्यात फरक पडत नाही. आपल्याकडे लेखी करार नाही, तेव्हा ती हायलाइट आजच काढून टाकावी. पुढच्या कामापासून ‘जाहिरातीसाठी वापरण्यास संमती आहे / नाही’ अशी ओळ करारपत्रात घालावी आणि तिच्याखाली वधू व वर या दोघांचीही सही घ्यावी, कारण पैसे वडिलांनी दिलेले असले तरी चेहरा त्या मुलीचा असतो. त्यातले गाणे हा आणखी एक गुंता आहे. विवाहसमारंभात आणि वरातीत गाणी वाजवण्याला याच कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे; परंतु तेच गाणे फिल्मला जोडून इंटरनेटवर टाकणे ही गोष्ट निराळी असून, तिथे ती सवलत कामाला येत नाही. चॅनेलसाठी रीतसर परवान्याचे संगीतच वापरावे.

आता बाकीविषयी. मूळ चित्रीकरण अडवून धरू नये. तसे केल्यास सेवेतील त्रुटीची तक्रार घेऊन ती मंडळी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतात आणि मग आपल्या 30,000 रुपयांचा विषय बाजूला पडून आपणच उत्तरे देत बसाल. त्याऐवजी काय ठरले होते, कोणत्या तारखांना काय दिले, कोणते बदल करून दिले, हे सारे एका पत्रात लिहून पोचपावतीसह टपालाने पाठवावे. नवरदेवाने पसंती कळवल्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुसू नये, आवश्यक प्रमाणपत्रासह तो पुरावा म्हणून मांडता येतो. अशा येणे रकमेसाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांची असते; म्हणून घाई नाही, पण विसरूनही चालणार नाही.

मात्र माझ्या मते खरी चूक लग्नाच्या आधीच झाली. मांडववाला, आचारी आणि बँडवाला कार्यालय रिकामे होण्यापूर्वी आपला हिशेब पुरा करून घेतात. चित्रीकरण करणारा एकटाच दोन-तीन महिन्यांनी, घरातील पैसा आणि उत्साह दोन्ही आटल्यावर, दारात उभा राहतो. तेव्हा 80,000 च्या कामात तारीख ठरताना 30,000, हळद लागण्यापूर्वी 42,000 आणि फिल्म देताना फक्त 8,000 अशी वाटणी करावी. शेवटचा हप्ता इतकाच असावा की तो बुडाला तरी चूल विझणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, आपल्या या कामात गिऱ्हाईक एक नसून दोन आहेत. मुलाला मोबाइलवर दाखवण्याजोगी चार मिनिटे हवी असतात, वडिलांना कोणी काय आहेर केला याची नोंद हवी असते, आणि दोघांचेही बरोबर असते. व्हीएचएसच्या काळात, हॅलोजनचा दिवा धरणारा पोऱ्या आणि त्याच्या मागे फरफटणारी वायर घेऊन मी हे काम करत होतो, तेव्हा एका लग्नात नवरीचे काका संपूर्ण कॅसेटमध्ये दिसले नाहीत. ते पूर्ण वेळ भटारखान्यात बुंदीच्या घाण्याजवळ उभे होते आणि लग्नाचा निम्मा खर्च त्यांनीच केला होता. माझी बाकी आजतागायत आलेली नाही. तेव्हापासून मी लग्नाच्या आठवडाभर आधी घरच्यांकडून, ज्यांच्याशिवाय फिल्म पुरी होणार नाही अशा पंधरा माणसांची यादी मागून घेऊ लागलो आणि ती माणसे ओळखून दाखवायला घरचाच एखादा चुणचुणीत चुलतभाऊ दिवसभर सोबत ठेवू लागलो. बदल कोण सांगणार त्या एकाच व्यक्तीचे नाव करारात लिहावे. बदलांची यादी एकदाच, पंधरा दिवसांच्या आत यावी, त्यापुढच्या प्रत्येक बदलाला वेगळे पैसे पडतील, हेही लिहावे.

विधींचा क्रम आदल्या दिवशी पुरोहितांना विचारावा. आपल्या भागात तेलुगू भाषक पद्मशाली समाजाची लग्ने बरीच असतील. त्यांच्यात ऐन मुहूर्ताला वधू-वर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गुळाचा गोळा ठेवतात. अंतरपाट आणि मंगलाष्टकांची सवय असलेला कॅमेरामन मंगळसूत्राची वाट पाहत राहिला, तर मुहूर्ताचा तो क्षण त्याच्या हातून निसटतो.

मूळ चित्रीकरण किती दिवस सांभाळणार, हेही करारात असू द्यावे. सेकंदाला 100 मेगाबिट वेगाने चित्रीकरण केल्यास तासाला सुमारे 45 जीबी जागा लागते. दोन कॅमेरे आठ तास चालले, तर 720 जीबी होतात आणि दुसरी प्रत धरल्यास दुप्पट. फिल्म दिल्यापासून 90 दिवस ही मुदत पुरेशी आहे.

प्रश्न : होटगी रस्त्यावरच्या एका कार्यालयातील लग्नासाठी ड्रोन वापरायचा आहे. वजन 250 ग्रॅमपेक्षा कमी असल्याने काहीच परवानगी लागत नाही, असे विक्रेता सांगतो. हे खरे आहे काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अर्धेच खरे आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड, दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला ही सूट केवळ अव्यावसायिक वापरासाठी आहे, आणि लग्नाचे काम व्यावसायिकच ठरते. परंतु वजनाची सूट ही आकाशाची सूट नव्हे. सोलापूरचे विमानतळ होटगी रस्त्यावरच आहे, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र पिवळ्या विभागात मोडत असल्याने तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची पूर्वपरवानगी लागते. सरकारच्या ड्रोनविषयक ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरील नकाशा पाहून, परवानगी हातात येईपर्यंत लग्नघरच्या मंडळींना आकाशातून दिसणाऱ्या वरातीचा शब्द देऊ नये. तोवर कार्यालयाच्या गच्चीवरून वरात घेण्याची सोय होते का, ते व्यवस्थापकांना विचारून ठेवावे.