रसवंतीवर उरणाऱ्या उसाच्या चिपाडांचं काय करता येईल?

तुम्ही नागपुरातल्या रसवंतीच्या चिपाडांबद्दल विचारलंय, म्हणून आधी घरगुती उपाय सांगतो.

सगळ्यात सोपं म्हणजे खत. पण नुसता ढीग लावू नका. चिपाडात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) फार कमी, त्यामुळे ती लवकर कुजत नाहीत. बोट-दोन बोटं लांबीचे तुकडे करा, थरावर थर शेणाचा काला टाका आणि अधूनमधून ढीग वर-खाली करा. आपल्या उन्हात ओल टिकवणं हेच खरं काम, ढिगावर ओलं पोतं हवंच. अर्धकच्चं खत मात्र संत्र्याच्या आळ्यात घालू नका, ते मातीतलंच नत्र ओढतं. बारीक तुकडे निर्जंतुक करून त्यावर धिंगरी अळिंबीही (ऑयस्टर मशरूम) छान येते.

साखर कारखान्यात हाच चोथा म्हणजे बगॅस. एक टन उसातून साधारण 250 ते 300 किलो निघतो, त्यात निम्मं पाणीच. तो बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात. कागद, पार्टिकल बोर्ड, जेवणाच्या प्लेटाही त्याच्याच.

एक कळकळीची विनंती: बुरशी आलेला कोरडा ढीग उपसताना नाका-तोंडाला चांगला मास्क लावा. त्या धुळीने बगॅसोसिस नावाचा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो.