जुन्या मोटारींचे दिवे आणि रस्त्याचा कायदा

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढलेल्या गाड्यांतून आजोबांनी घेतलेली विलीज जीप आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागिरांकडून दुरुस्त करून घेत आहोत. तिचे स्टिअरिंग डावीकडे आहे, वायरिंग सहा व्होल्टचे आहे, इंडिकेटर मुळातच नाहीत आणि मागचा लाल दिवा अगदी लहान आहे. मूळ रूपाला हात लावल्यास व्हिंटेज नोंदणी मिळणार नाही असे काही जण म्हणतात, तर दिवे बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येणार नाही असे इतर सांगतात. आम्हाला पन्हाळ्याच्या रॅलीत भाग घ्यायचा आहे. काय करावे?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेले, मूळ रूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले खासगी दुचाकी वा चारचाकी वाहन तिच्यात बसते. या व्याख्येत दिवे आणि वायरिंग यांचा उल्लेख नाही. त्यामुळे बॉडीला नवी भोके न पाडता, आधीच्याच बोल्टांवर पट्टी बसवून लावलेले इंडिकेटर नोंदणीच्या आड येऊ नयेत, असे माझे मत आहे. तरीही तपासणीपूर्वीच परिवहन कार्यालयात ही गोष्ट दाखवून घ्यावी.

आपल्या जीपच्या बाबतीत इंडिकेटर हा हौसेचा प्रश्नच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार डाव्या स्टिअरिंगची गाडी चालू स्थितीतील यांत्रिक किंवा विजेवर चालणाऱ्या इशारायंत्राशिवाय सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. यामागचे कारण उघड आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे बसलेल्या चालकाने हात बाहेर काढला तरी उजवीकडून पुढे जाणाऱ्याला तो दिसत नाही.

दिव्यांविषयी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०५ पाहावा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून, तसेच पुरेसा उजेड नसेल त्या कोणत्याही वेळी, पुढच्या दिव्यांनी १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि मागील नंबरप्लेट पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. ‘पुरेसा उजेड नसेल तेव्हा’ हे शब्द पन्हाळ्याला जाणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावेत, कारण पावसाळ्यात वाघबिळापासून वर भर दुपारीही धुके उतरते.

सहा व्होल्टचे दिवे मंद असतात ही तक्रार सर्वत्र ऐकू येते, पण दोष बहुतेक वेळा व्होल्टेजपेक्षा वायरिंगचा असतो. तेवढ्याच वॅटच्या बल्बला सहा व्होल्टवर बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो आणि त्याच तारेत वाया जाणाऱ्या विजेच्या दाबाचे (व्होल्टेजचे) प्रमाण चौपट होते. कारागिराने हल्लीच्या गाड्यांची बारीक वायर टाकली असेल, अर्थिंग (वीज परत नेणारी गाडीच्या पत्र्यावरची जोडणी) गंजलेल्या किंवा रंग दिलेल्या पत्र्यावर घेतले असेल, तर बल्बपर्यंत पुरेशी वीज पोहोचतच नाही. जाड वायर, घासून स्वच्छ केलेले अर्थिंग, हेडलाइटसाठी रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि नव्याने चांदी चढवलेला रिफ्लेक्टर एवढे केले, तर मूळ दिवे पुरेसा उजेड देतात आणि गाडीचे जुनेपणही टिकते.

सर्वांत अधिक काळजी मागच्या दिव्याची घ्यावी. साखर कारखान्यांच्या हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर अंधारात ऊसाच्या ट्रॉलींना मागून धडकून माणसे दगावतात आणि अशा वेळी मागच्याला काही दिसलेलेच नसते. संथ चालणाऱ्या जीपलाही तोच धोका आहे. मूळ लहान दिवा राहू द्यावा, पण त्याच्या जोडीला दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर आणि ब्रेकबरोबर पेटणारा दिवा अवश्य लावावा.

व्हिंटेज नोंदणीनंतर गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल आणि त्यासाठीचे येणे-जाणे एवढ्यालाच मुभा आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. गाडी पूर्वी नोंदलेली असल्यास जुना क्रमांक कायम ठेवता येतो. तृतीय पक्ष विमा मात्र कोणत्याही स्थितीत हवाच.

प्रश्न : माझी १९६८ ची जावा मोटारसायकल आहे. हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब बसवला तर चालेल का? जुन्या गाडीला हेल्मेटची सूट असते का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : हेल्मेटची सूट गाडीच्या वयावरून मिळत नाही. मोटार वाहन कायद्याचे हेल्मेटविषयीचे कलम १२९ चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही लागू आहे.

एलईडीबाबत माझा सल्ला नकारार्थी आहे. जावाचा रिफ्लेक्टर बारीक तारेच्या बल्बसाठी घडवलेला असून ती तार ठरावीक बिंदूवर असते तेव्हाच झोत नीट पडतो. एलईडीचा प्रकाश वेगळ्या जागेवरून निघत असल्याने तो विस्कटतो, रस्त्यावर कमी पडतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त जातो. झोत खाली वळलेला असावा आणि त्याने कोणाचे डोळे दिपू नयेत, असे नियम १०६ सांगतो. मागच्या दिव्यात लाल काचेआड चांगला एलईडी बसवल्यास डायनामोवरचा भार हलका होतो व गाडी थांबलेली असतानाही तो मंदावत नाही. तेथे तो जरूर वापरावा, मात्र नंबरप्लेटवर पांढरा उजेड पडेल याची सोय वेगळी करावी.