दुचाकीचे बाण भलतीकडेच का जातात?

प्रश्न : रस्त्याच्या व्हिडिओवर ओपनसीव्ही या चित्र-व्हिडिओच्या सॉफ्टवेअर लायब्ररीतली लुकस-कानाडे पद्धत वापरतो; एका फ्रेममधला बिंदू पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकला ते ती शोधते आणि ती गती मी बाणांनी दाखवतो. पादचाऱ्यांची गती बरोबर येते, पण दुचाकींचे बाण वेडेवाकडे जातात. असे का?

उत्तर : 1981 ची ही पद्धत तीन गोष्टी गृहीत धरते : बिंदूची उजळता बदलत नाही, दोन फ्रेममधले सरकणे अगदी थोडे असते आणि शेजारचे पिक्सेल सारखेच सरकतात. दुचाकी दुसरी अट मोडते. ताशी 36 किमी म्हणजे सेकंदाला 10 मीटर. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत दर फ्रेमला 40 सेंमी. चित्रात मीटरला 100 पिक्सेल पडत असतील, तर उडी 40 पिक्सेलची. पद्धत बिंदूभोवतीचा जो 21 पिक्सेलचा चौकोन (खिडकी) पाहते, त्यात ती मावणार कशी?

म्हणून चित्राचा पिरॅमिड करतात, म्हणजे त्याच्याच लहान होत जाणाऱ्या प्रतींचे थर. किती थर वर जायचे ते ठरवणारी मॅक्सलेव्हल ही सेटिंग 3 ठेवल्यास सर्वांत वरचे चित्र आठपट लहान होते, 40 चे 5 पिक्सेल उरतात. तिथला अंदाज खालच्या थराला द्यायचा, असे मूळ चित्रापर्यंत. तुमच्याकडे मॅक्सलेव्हल 0 असावा, म्हणजे पिरॅमिडच नाही, नाहीतर वेळ वाचवायला मधल्या फ्रेम गाळल्या असाव्यात. मॅक्सलेव्हल वाढवा आणि गाळलेल्या फ्रेम असतील तर त्या परत घ्या.

बिंदू कोपऱ्यांवरच निवडा. बसच्या सपाट पत्र्यावर धरायला काहीच नसते. सरळ कडेवर फक्त कडेला लंब असलेली गती कळते.

शेवटी उलट तपासणी : नव्या फ्रेममधून बिंदू मागे न्या, मूळ जागेपासून 1 पिक्सेलहून जास्त चुकला तर टाकून द्या. कॅमेऱ्याचे ऑटो एक्स्पोजरही (प्रकाशानुसार चित्राची उजळता आपोआप बदलणे) बंद करा. ते उजळतेची पहिली अट मोडते.