फ्रान्समधली कौटुंबिक वायनरी पूर्ण सेंद्रिय रेड वाइन बनवते म्हणजे नेमकं काय करते? तिथे फवारणी खरंच नसते का?

फवारणी असते. ओल्या वर्षी तर रासायनिक बागेपेक्षा जास्त वेळा असते. फरक पडतो तो टाकीत काय आहे याचा. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि शिक्षणाच्या निमित्ताने मी बोर्दोजवळच्या मेदोक भागात राहिलो आहे, म्हणून दोन्हीकडचं पाहिलेलं सांगतो.

तुमच्या प्रश्नाला नेमकं बसणारं उदाहरण म्हणजे मेदोकमधल्या पोयाक गावचं शातो (वाइनची बाग आणि वायनरी) पोंते-काने. बोर्दोच्या वायनरींच्या 1855 च्या प्रसिद्ध प्रतवारीत पाचव्या श्रेणीत असलेली ही वायनरी 1975 मध्ये गी तेसरों यांनी विकत घेतली. कुटुंबाचा मूळ धंदा कोन्याक ब्रँडीचा. 1994 पासून त्यांचा मुलगा आल्फ्रेद तेसरों कारभार पाहू लागला. सुमारे 80 हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने 200 एकर बाग, खडीची निचऱ्याची जमीन, शेजारी मुतों रोथशिल्ड ही नामांकित वायनरी. वाण मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों, त्याखालोखाल मेर्लो. 2004 मध्ये त्यांनी 14 हेक्टरवर बायोडायनॅमिक पद्धत (सेंद्रिय शेतीचाच एक प्रकार, त्याबद्दल पुढे सांगतो) करून पाहिली आणि पुढच्याच वर्षी अख्खी बाग तिच्यात आणली. मेदोकमधल्या इतक्या मोठ्या नावाच्या घराने असं करणं तेव्हा अगदीच वेगळं होतं.

त्याचं कारण हवामान. दक्षिणेकडे ऱ्होन खोऱ्यात कोरडा मिस्त्राल वारा पानं सुकवून टाकतो, तिथे सेंद्रिय द्राक्ष तुलनेने सोपं जातं. मेदोक एका बाजूने अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूने जिरोंदची खाडी यांच्यामध्ये आहे. मे-जूनमध्ये फुलोऱ्याच्या वेळी पाऊस लागला की डावणी आलीच. ऑक्टोबरच्या गोडी (फळासाठीच्या) छाटणीनंतर अवकाळी झाला की आपल्याकडे जी रात्रीची झोप उडवते, तीच ही बुरशी. पानामागे पांढरी बुरशी दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

डावणीवरचा उपायही तिथलाच, पोयाकच्या शेजारच्या सें-जुलियें गावातला. 1882 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर-मारी-आलेक्सी मियार्दे यांच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं टिकून आहेत आणि आतल्या वेलींची गळून गेली आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर तांब्याचे क्षार आणि चुना शिंपडत होते. त्यावरून प्रयोग होत 1885 मध्ये बोर्डो मिश्रण जाहीर झालं. आज नाशिक जिल्ह्यात 1 किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी असं जे कालवतात आणि लोखंडी विळा बुडवून तांबूस पुट चढतंय का बघतात, ते हेच.

सेंद्रिय नियमांत डावणीसाठी मुख्य हत्यार आजही हेच तांबं आहे, आणि भुरी या दुसऱ्या बुरशीसाठी गंधक. पण तांबं फक्त पानावर बसतं. आंतरप्रवाही औषधासारखं ते झाडात शिरत नाही. जोराचा पाऊस झाला की धुऊन जातं आणि पुन्हा ट्रॅक्टर काढावा लागतो. शिवाय ते जमिनीत साठतं, गांडुळांना आणि मातीतल्या जिवाणूंना जड जातं. म्हणून युरोपीय संघाने त्यावर मर्यादा घातली आहे: सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो, म्हणजे सरासरी वर्षाला 4 किलो. ही मर्यादा मला पटते. "नैसर्गिक" आहे म्हणून कितीही मारा, असं तांब्याच्या बाबतीत चालत नाही.

फक्त तांब्यावर भिस्त ठेवून डावणीच्या वर्षी काय होतं, ते या घराच्या दोन वर्षांत दिसतं. 2007 मध्ये रोग हाताबाहेर जाऊ लागला, तेव्हा आल्फ्रेद तेसरों यांनी पीक वाचवायला रासायनिक बुरशीनाशक मारलं. पीक वाचलं, पण सेंद्रिय प्रमाणपत्राकडे सुरू झालेली वाटचाल तिथेच थांबली. रूपांतराची तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली आणि 2010 मध्ये प्रमाणपत्र मिळालं. तो निर्णय चुकला असं त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं. मग 2018 आलं. वसंतापासून जुलैपर्यंत ओल, बोर्दोभर डावणीचा कहर. या वेळी त्यांनी नियम मोडला नाही, आणि नेहमीच्या पिकाच्या जेमतेम एक तृतीयांश द्राक्ष घरात आलं.

"कौटुंबिक" या शब्दाचं वजन मला इथे दिसतं. कंपनीच्या व्यवस्थापकाला दर वर्षी भागधारकांना ताळेबंद दाखवायचा असतो, तीनातले दोन भाग पीक जाऊ देण्याचा अधिकार त्याच्या हातात सहसा नसतो. घरच्या बागेचा मालक तो निर्णय संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर घेऊ शकतो. अर्थात त्यासाठी घराजवळ पुरेसं भांडवल लागतं. तेसरोंकडे ते होतं. पाच-सात हेक्टरवाल्या छोट्या कुटुंबाला असं एक वर्ष कर्जात ढकलतं, आणि म्हणून अशा वर्षी प्रमाणपत्र सोडून देणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

बायोडायनॅमिक पद्धतीत गाईच्या शिंगात शेण भरून जमिनीत पुरतात, नेटल नावाच्या खाजऱ्या झुडपाच्या पानांचे काढे फवारतात, चंद्र बघून कामं ठरवतात. चंद्राचा भाग मला पटलेला नाही. पण ही माणसं बागेतून रोज पायी फिरतात, प्रत्येक ओळ त्यांना ओळखीची असते, आणि त्याचा फायदा मला खरा वाटतो. पोंते-कानेत बागेच्या काही भागात ट्रॅक्टरऐवजी घोडे चालतात, त्यामुळे माती दबत नाही.

तळघरातलं काम त्यामानाने साधं आहे. द्राक्ष हाताने तोडतात, निवडतात, देठ काढतात आणि सालीवरच्या यीस्टवर आंबवतात. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून रस सालीसकट ठेवतात. मुरवायला ओकची पिंपं आणि त्यांच्या जोडीला सुमारे 900 लिटरच्या काँक्रीटच्या अँफोरा, म्हणजे मोठे रांजण. सेंद्रिय रेड वाइनमध्ये सल्फाइट (वाइन टिकवायला घालतात ते) लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, साध्या रेडला 150 पर्यंत मुभा आहे. म्हणजे "सेंद्रिय" म्हणजे सल्फाइट नसलेली, असं समजू नका. तळघराचे हे नियम 2012 च्या हंगामापासून लागू झाले. त्याआधीच्या बाटलीवर फक्त "सेंद्रिय द्राक्षांपासून बनवलेली वाइन" एवढंच लिहिता यायचं.

बाटली घेताना हिरव्या चौकटीत पांढऱ्या ताऱ्यांचं पान शोधा. त्याखाली प्रमाणित करणाऱ्या संस्थेचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ एफआर-बायो-01 म्हणजे इकोसर्ट. पाठीवर पिंप घेतलेल्या माणसाचं "विन्यरों एंदेपांदां" चिन्ह असेल, तर द्राक्ष पिकवणारा आणि वाइन बनवणारा एकच. पोंते-काने महाग आहे, 2009 आणि 2010 ला अमेरिकी वाइन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांचे पूर्ण 100 गुण मिळाल्यावर तर फारच. पहिल्यांदा चाखायची असेल तर ऱ्होन किंवा लांगदोक भागातली हिरव्या पानाची एखादी छोट्या घरची रेड घ्या. तिथे कोरड्या वाऱ्यामुळे पिकाची जोखीम कमी, म्हणून किंमतही आवाक्यात राहते.