एक अक्षर बदललं नाही म्हणता, मग मराठी कुराण हे कुराण का नाही?

प्रश्न : सर, मी सातपूरला कंपनीत आहे. आमच्या लाइनवरच्या मुस्लिम मित्राने मला मराठी कुराण वाचायला दिलं आणि वर म्हणतो, हे कुराण नाही, कुराणाचा अर्थ आहे. हे काय गणित? दुसरं, तो छातीठोकपणे सांगतो की चौदाशे वर्षांत एक अक्षर बदललेलं नाही. पण तिसऱ्या खलिफांनी बाकीच्या प्रती जाळायला लावल्या असं मी वाचलंय. मग खरं काय? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : तुमचे प्रश्न दोन आहेत पण उत्तर एकच आहे, थोडं लांबेल.

आपण पुस्तक म्हटलं की डोळ्यांनी वाचायची वस्तू समजतो. कुराण आमच्यासाठी आधी कानाची आणि जिभेची गोष्ट आहे, कागद नंतर. या शब्दाचाच अर्थ पठण, म्हणजे मोठ्याने म्हणायची गोष्ट. साधारण 23 वर्षं ते थोडंथोडं उतरत गेलं, लोक पाठ करत गेले, आणि सोबत चामडं, खजुराच्या झावळीचे देठ, उंटाची हाडं, जे हाताशी येईल त्याच्यावर लिहूनही ठेवत होते. 632 मध्ये पैगंबर गेले, त्यानंतर लवकरच यमामाच्या लढाईत बरेच पाठांतर असलेले लोक मारले गेले, तेव्हा पहिले खलिफा अबू बकर यांनी जैद बिन साबित यांना सगळं एकत्र लिहून काढायला लावलं. तीच पानं पुढे हफसा, म्हणजे पैगंबरांच्या पत्नी, यांच्याकडे राहिली.

आता जाळण्याचं. 650 च्या आसपास सीरियाचे आणि इराकचे सैनिक एका मोहिमेत एकत्र आले आणि कुराण म्हणण्यात तुझं चूक की माझं यावरून त्यांची जुंपली. तेव्हा तिसरे खलिफा उस्मान यांनी हफसांकडची पानं मागवली, त्यावरून प्रती करून मोठ्या शहरांना पाठवल्या आणि बाकीच्या नष्ट करायला सांगितल्या. तुम्हाला हे लपवाछपवीसारखं वाटतं, पण आमच्याकडे ही गोष्ट कोणी लपवत नाही, हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या, सगळ्यात मानल्या जाणाऱ्या ग्रंथात ती सरळ दिलेली आहे. आणि बघा, पैठणला एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, त्याला आपण उपकारच मानतो ना. तुलना तंतोतंत नाही, पण वेगवेगळ्या प्रती फिरायला लागल्या की कोणीतरी बसून हे काम करावंच लागतं.

मात्र तुमच्या मित्राचं "एक अक्षर" जरा सैल आहे, हे मी मुसलमान असूनच सांगतो. सुरुवातीच्या लिखाणात नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे ठिपके, पुरेसे नव्हते, जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, नव्हत्या, ते नंतर आले. आणि पठणाच्या मान्य पद्धतीच एकापेक्षा जास्त आहेत, त्यांना किरात म्हणतात. पहिल्याच सूरेत, म्हणजे अध्यायात, फातिहामध्ये, आपल्याकडे "मालिकि यौमिद्दीन" म्हणतात, म्हणजे निवाड्याच्या दिवसाचा मालक, पण मोरोक्कोकडे जी वर्श पद्धत चालते तिच्यात "मलिकि" म्हणतात, म्हणजे राजा. फरक एका काना एवढा. उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, दोन्ही बरोबर मानतात, दोन्ही पैगंबरांपर्यंत पोचतात म्हणून. बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात कुराणाची दोन जुनी पानं आहेत, त्यांच्या चामड्याचं वय तपासलं तर 568 ते 645 च्या दरम्यानचं निघालं, 2015 मध्ये ते जाहीर झालं, त्यावर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आठवडाभर फॉरवर्ड चालू होते. ठीक आहे, पण खरी राखण मला तिथे दिसत नाही.

ती दिसते जुन्या नाशकात रमजानमध्ये. रात्री तरावीहच्या नमाजात हाफिजसाहेब, म्हणजे अख्खं कुराण पाठ असलेले, रोज एक-सव्वा पारा, म्हणजे कुराणाच्या तीस भागांतला एक, बिनपुस्तकाचा म्हणतात, असे तीस पारे महिना संपायच्या आत पूर्ण करायचे. कुराणात सारखी वाक्यं पुष्कळ, नुसत्या सूरा रहमानमध्ये एक ओळ 31 वेळा येते, त्यामुळे गाडी भलत्याच रुळावर जाते. एकदा आमचे इमामसाहेब असेच एका सूरेतून दुसरीत घुसले, तर मागच्या रांगेतून पोराने, मिसरूडही फुटलं नव्हतं अजून, योग्य शब्द मोठ्याने दिला. याला लुकमा देणं म्हणतात. इमामसाहेब गपचूप मागे गेले, परत म्हटलं, पुढे चालू. वयाने तिपटीने मोठा माणूस पण तिथे मान-अपमान नाही. मालेगावच्या मदरशांत जा, पोरं डोलत सबक पाठ करताना दिसतील, आज नवा धडा, सोबत कालचा, आणि रोज मागचा एक तुकडा परत, नाहीतर विसरतं. आपल्या वेद पाठ करणाऱ्या घनपाठी मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

आता यावरूनच भाषांतराचं कळेल. जे राखलं ते नुसता अर्थ नव्हे, ते नेमके शब्द. अल्लाहचं बोलणं अरबीत आलं, मराठीत जे आहे ते भाषांतर करणाऱ्या माणसाचं बोलणं. "तकवा" घ्या. कोणी ईशभय लिहितो, कोणी धर्मपरायणता, पण मूळ धातूत स्वतःला जपणं, वाचवणं आहे, ते दोन्हीत सांडतं. म्हणून नमाजात अरबीच. भाषांतराला बंदी वगैरे काही नाही हो, दिल्लीत शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकातच फारसीत केलं, त्यांच्या मुलांनी उर्दूत. आमचे विनोबा तर मुळातून वाचायचं म्हणून अरबी शिकले.

माझी तक्रार वेगळी आहे. मी लहानपणी अख्खं कुराण नाजरा केलं, म्हणजे बघून वाचलं, रहलवर, म्हणजे लाकडी घडीच्या स्टँडवर, ठेवून, उस्तादांची छडी शेजारी, आणि अर्थ एका ओळीचाही माहीत नव्हता. तो कळला कॉलेजात, मराठी भाषांतर वाचून. तेव्हा तुम्ही ते मित्राचं पुस्तक बिनधास्त वाचा, आणि अडलं की त्यालाच विचारा, बहुतेक त्यालाही उघडून बघावं लागेल.

प्रश्न : रद्दीत अरबी छापलेलं एक पान सापडलं, फेकवत नाही. काय करू? – एक वाचक, सिडको

उत्तर : जवळच्या मशिदीत नेऊन द्या. बऱ्याच ठिकाणी यासाठी पेटी असते. ही पानं कोणी कचऱ्यात टाकत नाही, स्वच्छ जागी पुरतात किंवा पाण्यात सोडतात, आमच्याकडे त्याला ठंडं करणं म्हणतात. आणि ते पान कुराणाचंच असेल असंही नाही, उर्दूही त्याच वळणाची असते. एकदा एकाने मला असंच जपून आणून दिलं, ते निघालं युनानी दवाखान्याचं हँडबिल.